एका शब्दात उत्तर

सही करायला चार वाजेपर्यंतची मुदत होती. पावणेतीन वाजून गेले तरी बुद्धप्रिया नेटवर्कच्या स्विचसमोरच बसलेली होती.

सोलापुरातल्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलचं सगळं नेटवर्क या अठ्ठेचाळीस पोर्टच्या पेटीतून जायचं. आयसीयूचे मॉनिटर, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे, सगळं. पेटी चोख चालत होती. फक्त तिच्या आत शिरायचा पासवर्ड कुणाकडं नव्हता. ज्यांनी ती बसवली ते शिवयोगी अण्णा दोन महिन्यांपूर्वी राजीनामा फेकून होटगीला घरी बसले होते. नवा डायलिसिस वॉर्ड तयार होता, पण त्याचे पोर्ट आतून उघडल्याशिवाय एकही मशीन जोडता येत नव्हतं.

प्रशासकांनी कागद टाइप करूनच ठेवला होता. शिवयोगी यांनी पासवर्ड जाणूनबुजून दडवला, असं तांत्रिक मत. खाली सही नव्या नेटवर्क इंजिनिअरची, म्हणजे बुद्धप्रियाची. सही झाली की कागद पोलिसांत जाणार आणि बावीस वर्षं राबलेला माणूस चोर ठरणार.

कागद हातात देताना प्रशासकांनी तिला विचारलं होतं, तुमच्या एवढ्या सर्टिफिकेटांत पासवर्ड काढायचा धडा नव्हता काय. या माणसाला वायर आणि नाडी यातला फरक कळत नव्हता, पण टोमणा बरोबर कुठं मारायचा ते कळत होतं.

धडा होता. पण अण्णांनी ती वाटही बंद करून ठेवली होती. कुणी बंद-चालू करून आत घुसायला गेलं तर आतली सगळी मांडणी पुसली जाणार. म्हणजे आख्खं हॉस्पिटल दिवसभर आंधळं. बुद्धप्रियाला राग यायला हवा होता. तिला कौतुकच वाटलं. तिनं स्वतः असंच केलं असतं.

आठ दिवस ती या माणसाचं काम बघत होती. प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना चिठ्ठी, अक्षर मोत्यासारखं: ‘नेत्र २, खिडकीजवळ’. एकही वायर ताणलेली नाही, एकही लोंबत नाही. एकाच पेटीत त्यांनी जणू वेगळ्या गल्ल्या पाडल्या होत्या. पेशंटच्या मशीनची गल्ली निराळी, बिलिंगची निराळी, पाहुण्यांच्या वायफायची तिसरी. एका गल्लीतला दुसरीत डोकावू शकत नव्हता. तिनं लॅपटॉप लावून तासभर घुसायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. कॉलेजात न गेलेल्या माणसानं हे केलं होतं, रद्दीतली जुनी पुस्तकं वाचून. आणि त्याच्या डोक्यावर बाहेरची कंपनी आणून बसवली म्हणून तो निघून गेला होता.

पेटी ठेवलेल्या रॅकच्या दारावर आतून आख्ख्या हॉस्पिटलचा नकाशा चिकटवलेला होता. त्याखाली एक ओळ: ‘पासवर्ड कागदावर लिहायचा नसतो. विचारा, तोंडी सांगेन.’

असा माणूस पासवर्ड दडवेल?

सकाळी तिनं त्यांना फोन लावला होता. तुमचं काम बघून शिकतेय, असं म्हणाली तेव्हा अण्णांनी रत्नम्माला, म्हणजे बायकोला, टीव्ही बारीक करायला सांगितला. पण पासवर्डचं नाव काढल्याबरोबर आवाज बदलला.

“पोरी, तू नवी हायस, तुझ्यावर राग न्हाय. चौकशीला तीनदा बोलावलं. भाषण नको, एका शब्दात सांगा म्हनले. एका शब्दात सांगितलं. परत तेच इचारलं, परत तेच सांगितलं. मला खोटंच पाडायचं ठरलं आसंल तर चौथ्यांदा कशाला सांगू? लिवून घेतलंय की. कागद वाचा.”

फोन कट. त्यानंतर बंदच.

चौकशीचा कागद तिनं चारदा वाचला होता. तीन चौकशा, तीन पानं. प्रश्न: स्विचचा पासवर्ड काय? उत्तर: माहीत नाही.

तिनं पाचव्यांदा वाचला. सव्वातीन वाजले होते. बोट उत्तरावर ठेवून तिनं शब्द मोजले. मग लॅपटॉप आणि फाइल उचलून तरातरा जोतिरामच्या टेबलाशी गेली. चौकशीचं सगळं लिखाण करणारा क्लार्क तोच.

जोतिराम मूळचा अक्कलकोटकडचा, तीस वर्षं तेच टेबल धरून होता. सही झाली का, एवढंच त्यानं विचारलं. साहेबांचे दोन निरोप येऊन गेले होते.

“काका, अण्णा म्हणतात त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं. हे तर दोन शब्द आहेत.”

जोतिरामनं चष्मा वर केला. तिच्याकडं बघितलं, पानाकडं बघितलं. एवढ्याशा गोष्टीसाठी पोरगी जिना चढून आली म्हणून त्याला हसू आलं.

“मराठीत दोन व्हत्यात, मॅडम. अण्णा कानडीत बोलले. रेकॉर्डला कानडी चालनार न्हाय, सगळं मराठी करून लिवा, असा साहेबांचा हुकूम हाय. मी केलं.”

“कानडीत काय म्हणाले?”

“त्यात काय इचारायचं? ‘गोत्तिल्ला’ म्हनले, म्हंजे म्हाईत न्हाय. तिन्ही येळेला.”

बुद्धप्रियानं त्याच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला, पासवर्डच्या जागी तो कानडी शब्दच होता तसा इंग्रजी अक्षरांत टाकला आणि स्विच उघडला.