सातवी सूचना

मालिनी डब्यात नव्हती.

विनयने टॉयलेटचं दार वाजवलं, मागचा डबा पाहिला, त्याच्या मागचा पाहिला. शेवटच्या डब्यापाशी वाटच संपली. हॅनोव्हरहून निघताना याच्याही मागे सात डबे होते. त्याने स्वतः मोजले होते.

"गाडी हामला तुटली, सर," तिकीट तपासनीस इंग्रजीत म्हणाला. "मागची अर्धी दुसऱ्या वाटेने जाते. तीही कोलोनलाच येते. नो प्रॉब्लेम."

"माझी बायको त्या अर्ध्यात आहे!"

"नो प्रॉब्लेम," तो पुन्हा म्हणाला आणि पुढच्या माणसाचं तिकीट बघायला लागला.

विनय जागेवर येऊन धपकन बसला. ही बाई म्हणजे ना! हाम स्टेशनात गाडी थांबली, तेव्हा "जरा पाय मोकळे करते हं," म्हणून ती उठली. खाण्याची पिशवी घेऊन उठली. पाय मोकळे करायला पिशवी कशाला, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तो तिला पवनचक्कीची पाती कशी फिरतात ते समजावत होता, आणि त्याचं वाक्य अर्ध्यावर होतं. मग ती फलाटावरून मागे मागे चालत जाताना दिसली. त्याने काच ठोठावली. इथल्या खिडक्या उघडतात कुठे! तिने मात्र हात हलवला. वर हसलीसुद्धा, बावळटासारखी.

सहा देश, बारा दिवस. कुठल्या फलाटावरून कुठली गाडी, कुठे किती वेळ, कुठे फोटो, सगळं त्याने वहीत उतरवलं होतं. आणि दुसऱ्याच दिवशी बायको हरवली. वहीत त्याला रकाना नव्हता.

हॅनोव्हरला पीएचडी करणाऱ्या लेकीने, सुरुचीने, दोन महिन्यांपूर्वीच ईमेलवर बावीस सूचना पाठवल्या होत्या. मालिनीने कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून त्यांची प्रिंट आणली. विनयने पहिली सूचना वाचली, 'बाबा, बॅगा चाकांच्याच घ्या', आणि कागद भिरकावला. "तीस वर्षं कंपनीच्या टूर केल्या मी. आता पोरगी शिकवणार!" कागद मालिनीने उचलून ठेवला. ती सगळंच ठेवते. नुसतं ठेवत नाही, तारीख घालून ठेवते. लोणच्याच्या बरणीवर तारीख, औषधाच्या बाटलीवर तारीख, चादर बदलली की कॅलेंडरवर टिंब.

त्याने सुरुचीला फोन लावला. मोबाइल दोघांत एकच, तो त्याच्याकडे. ती प्रयोगशाळेत होती, फोन बंद.

मग त्याने कमरेचं पाकीट उघडलं. पासपोर्ट एकच होता. त्याचा. मालिनीचा नव्हता, तिचं तिकीटही नव्हतं. सकाळी स्टेशनवर टॉयलेटला जाताना पाकीट तिच्याकडे दिलं होतं. "धर. उघडू नकोस," असं चांगलं बजावूनसुद्धा दिलं होतं. म्हणजे उघडलंच तिने! उघडलं आणि सांडलं. त्याला इतका संताप आला की समोर बसलेल्या जर्मन आजींनी आपलं मासिक थोडं वर धरलं.

संताप मात्र टिकेना. तिला पकडलं तर? तिकीट नाही, पासपोर्ट नाही, भाषा नाही. कोलोनऐवजी भलतीकडेच उतरली तर? स्वारगेटला माहेरच्या बसमध्येसुद्धा तो तिला सीटवर बसवून, कंडक्टरला सांगून खाली उतरायचा. "मी जाईन हो एकटी," असं ती दर वेळी म्हणायची. दर वेळी तो कंडक्टरला सांगायचा.

गाडी पुलावर चढली. खाली ऱ्हाइन, रुंद आणि करडी.

"मालिनी, ही बघ..." तो म्हणाला.

आजींनी मासिक खाली घेऊन नदीकडे पाहिलं.

कोलोनच्या फलाटावर तो वीस मिनिटं येरझाऱ्या घालत होता. दोनदा एकाच खांबाला धडकला. मग उरलेली अर्धी गाडी आली आणि तिच्यातून मालिनी उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कॉफीचा कागदी पेला.

"अगं, काही डोकं आहे का तुला? पासपोर्ट हरवला, तिकीट हरवलं..."

"माझ्याकडेच आहेत की." तिने पर्स उघडून दाखवली. "तुम्ही टॉयलेटला गेलात तेव्हा काढून घेतले."

"का?" त्याचा आवाज चिरकला. "आणि... घाबरली नाहीस?"

"कशाला घाबरू? खिडकीपाशी जागा मिळाली. शेतं होती, घोडे होते. एक घोडा तर गाडीबरोबर पळत होता." ती कॉफीचा घोट घेत थांबली. "आणि कोणी काही सांगत नव्हतं हो."

तिने पिशवीत हात घातला. "चटणीचं सँडविच खा आधी. सकाळपासून नुसते बोलताय."

तिने एका घडीच्या कागदावर सँडविच ठेवून पुढे केलं. त्याने यंत्रासारखा घास घेतला. सँडविच उचलल्यावर कागदावर सुरुचीचे ठसठशीत टाइप केलेले शब्द दिसले.

'सूचना सात. हामला गाडीचे दोन भाग होतात. वाटा वेगळ्या, पण दोन्ही कोलोनलाच येतात. चुकून दुसऱ्या भागात बसलात तरी घाबरू नका. फक्त पासपोर्ट आणि तिकीट ज्याचं त्याच्याजवळ हवं.'

'चुकून' या शब्दावर काट मारलेली होती. समासात मालिनीचं बारीक अक्षर होतं: 'इथे. एक तास.' खाली तिच्या सवयीप्रमाणे तारीख होती, तेवीस मार्च.

तेवीस मार्चला विनयने अजून व्हिसाचा अर्जही भरला नव्हता.