कापलेलं गाणं

अंथुर्ण्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. गावचे पुढारी आबासाहेब पुढच्या खुर्चीत येऊन बसल्याशिवाय खेळ सुरू होत नसे.

बोलपट जुना होता. त्यातला दरोडेखोर पैसे चारून न्यायाधीश होतो आणि भर कोर्टात गात विचारतो, "कुणाला पुरलं?" मग वकील, शिपाई, चोर सगळे एका सुरात मेलेल्यांची नावं गातात. आबासाहेब मांडीवर थाप मारून हसायचे.

एका संध्याकाळी त्या नावांत गेणूचं नाव आलं.

तंबूतलं हसू थांबलं. गेणू गेल्या साली आबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिला होता, आणि तेव्हापासून तो कुणाला दिसला नव्हता.

"ह्यो पिच्चर कवाचा हाय?" आबासाहेबांनी यंत्र चालवणाऱ्या रामहरीला विचारलं.

"ईस वर्सं झाली असत्याल, आबा."

"गाणं काढ त्यातलं."

रामहरीनं गाणं कापून तिथं कोरी फीत जोडली. कापलेला तुकडा आबासाहेबांनी स्वतःच्या हातानं जाळला.

दुसऱ्या दिवशी तंबू खच्चून भरला. गाण्याची जागा आली आणि पडदा पांढरा झाला. बायकांच्या बाजूला गेणूची आई पदर मुठीत धरून बसली होती.

कर्ण्यातून दरोडेखोराचा आवाज आला. ओळ मात्र नवी होती.

"कुठं पुरलं?"

पडद्यावर कुणीच नव्हतं, तरी त्याच चालीत उत्तर आलं. माणसं पुढच्या खुर्चीकडे वळली. आबासाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं होतं, आणि हातांखालून त्यांचाच आवाज गात होता, "मळ्यात, थोरल्या आंब्याखाली."