शून्य सावली

"काका, आता डोळे मिटा आणि सांगा, ताटात काय काय होतं?"

संभाजीनं डोळे मिटले. किल्ली. लिंबू. कंगवा. पुढं काही येईना.

"तीन वस्तू," तो म्हणाला.

"छान! काल दोनच आठवल्या होत्या." प्रतिक्षानं वहीत खूण केली.

ताटात सात वस्तू होत्या.

वालचंदनगरच्या त्या क्वार्टरमध्ये ही पोरगी रोज दहाच्या ठोक्याला यायची. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला कापडी पिशवी. सुट्टीत शाळेची मुलं स्वयंसेवक म्हणून आजारी माणसांकडं जातात, तशीच मीही आलेय, असं तिनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. गेल्या उन्हाळ्यात डोक्यात गेलेल्या मोठ्या तापातून उठल्यापासून घरात अनोळखी माणूस दिसलं की संभाजी बिथरायचा, अंगावर धावून जायचा. पण ओळखपत्र बघून तो निवळला. कारखान्यात लेथवर लोखंड कातणारा टर्नर तो. गळ्यात पास असलेल्या माणसाला आत सोडायचं असतं, एवढं त्याच्या अंगवळणी पडलेलं.

मग ती त्याच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडमीट करायला लावायची. पूर्वी याच बोटांनी तो कातलेल्या लोखंडातला केसाएवढा फरक ओळखायचा. आता चमचा धरवत नव्हता.

जयवंता, त्याची बायको, पोह्यांच्या दोन ताटल्या घेऊन आली. पोरीच्या ताटलीतले शेंगदाणे तिनं आधीच वेचून काढले होते.

"अगं, इचारावं तरी," संभाजी म्हणाला. "पाहुण्याची पोर हाय. शेंगदाणं दिलंच न्हाईस तिला."

"असू दे काका, मला नाहीच आवडत," प्रतिक्षा घाईनं म्हणाली. जयवंता आत गेली.

"आमच्या छकुलीचं मातुर खाण्यापिण्याचं लई नखरं," तो सांगू लागला. "दहावी झाली. बारामतीला इज्ञानाचं शिबिर हाय ना, त्यात निवड झाली तिची. मी सोता एसटीत बसवून दिली चार तारखेला. आज किती हाय?"

"बारा मे."

संभाजी ताडकन उठून बसला. "बारा? आगं, मग आज सावली जाती! ठावं हाय का तुला?"

"नाही," प्रतिक्षा म्हणाली. "कुठं जाते?"

तो खूश झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला दुसऱ्याला शिकवण्याजोगं काही सापडलं होतं. त्यानं जयवंताकडून स्टीलचा पेला मागून घेतला, पोरीच्या खांद्याचा आधार घेतला आणि भर उन्हात अंगणात आला. फरशीवर पेला पालथा ठेवला. साडेबाराला थोडा वेळ होता.

"सूर्य बरुबर डोक्यावर येतो. रोज न्हाय हां, आपल्याकडं वर्सातनं दोनदाच. छकुलीनं एसटीच्या खिडकीतनं वरडून सांगितलंय मला. पप्पा, बारा तारखेला तुमी तितं बघा, मी हितं बघीन, म्हणाली. डोस्क्यातलं लई काय काय गेलं बघ माझ्या. पर ह्ये न्हाय गेलं."

"मग सावली जाते तरी कुठं?" तिनं पुन्हा विचारलं.

"जात न्हाय कुठं. हितंच असती, बुडाखाली. आपल्याला दिसत न्हाय, एवढंच."

शेजारचा सोनबा कुंपणापलीकडं झाडांना पाणी घालत होता. "काय चाललंय, संभाजीराव?"

"सावली बघतूय! आमची छकुलीबी बारामतीत ह्येच बघत आसंल आत्ता!"

सोनबानं दारात उभ्या जयवंताकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. सोनबा नळ बंद करून, पाइप तसाच टाकून, आत निघून गेला.

पेल्याची सावली आखडत आखडत पेल्याशी चिकटली. मग तीही उरली नाही.

"गेली! बघितलीस का?" संभाजी लहान पोरासारखा ओरडला.

प्रतिक्षा पेल्याकडं बघतच नव्हती. ती त्याच्याकडं बघत होती.

"रडतीस व्हय गं?"

"ऊन लागलं डोळ्यांना."

तिनं त्याला सावकाश आत आणलं, खाटेवर टेकवलं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. संभाजी तिच्याकडं निरखून बघत राहिला. गुणाची पोर. कुणाच्या तरी घरची लेक.

"तुझं वडील काय करत्यात?"

"कामाला होते. आता घरीच असतात."

"मग सुट्टीचं त्यांच्यापाशी बसायचं सोडून, दुसऱ्याच्या बापाची बोटं चोळत कशाला बसतीस?"

"बसते की काका, त्यांच्यापाशीबी बसते."

"बसत जा. बापाला बोलून दावता येत न्हाय, पर आस लागलेली असती." त्याला दम लागला. "शिबिर सुटलं की छकुलीला भेटायला ये. तुमचं दोघींचं जमंल."

"येईन," ती म्हणाली. वही पिशवीत घातली. एरवी ती लगेच निघायची. आज उंबऱ्यात घुटमळली, परत आली, त्याच्या पायांवरची चादर सारखी केली आणि मग पुढच्या दारानं गेली. फाटक वाजलं.

जयवंतानं दार लोटून घेतलं. खिडकीला ओलं धुडकं लावलं. खोलीत गार अंधार झाला. संभाजीनं डोळे मिटले. आजचा दिवस चांगला गेला होता. छकुली आली की तिला सांगायचं, पोरी, तू म्हणालीस तसंच झालं, मी बघितली.

झोप डोळ्यांवर उतरत असताना मागच्या दाराची कडी हळूच निघाली. स्वयंपाकघरात कुणीतरी भिंतीला टेकून बसल्याचा आवाज झाला, आणि मग दबक्या हुंदक्यातून शब्द आले,

"आई, पप्पा आजबी माझीच वाट बघत हुतं गं."