नव्या वर्षाचा पुठ्ठा

यादिराने शिलाई मशीनचं चित्र कापलं, पुठ्ठ्यावर ठेवलं आणि लगेच उचललं. मग ओव्हन ठेवून पाहिला. तोही उचलला. शेजारच्या पिएदादचा पुठ्ठा केव्हाच भरला होता. दुमजली घर, पांढरी गाडी, मुलाच्या डोक्यावर पदवीची टोपी. यादिराच्या पुठ्ठ्यावर नुसता डिंकाचा ओला डाग.

चर्चमागच्या हॉलमध्ये गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. वर्ष सरत आलं होतं. बाहेर डोंगरातल्या थंड कुएन्काच्या रस्त्यांवर, वर्षअखेरीच्या रात्री जाळायचे जुन्या वर्षाचे पुतळे विकायला मांडले होते. घरोघरची रद्दी त्यांच्या पोटात गेल्यामुळे इथे मासिकांची ओढाताण चालली होती. दोमेनिका ही गल्लीतलीच कॉलेजला जाणारी मुलगी. पुढच्या वर्षात जे हवं त्याची चित्रं चिकटवायची, पुठ्ठा भिंतीवर लावायचा आणि रोज बघायचा, असं तिने समजावलं होतं. पहिल्यांदाच करताय तर फार विचार करू नका, हात जिकडे जाईल ते कापा, असंही म्हणाली होती.

यादिराचा हात जिकडे जात होता तिकडे तिला तो जाऊ द्यायचा नव्हता.

ते चित्र तिला पहिल्याच मासिकात सापडलं होतं. काचेचं रोपघर, कुंड्यांच्या रांगा आणि त्यांवर वाकलेला एक पाठमोरा माणूस. तिने ते कापून गुपचूप पुठ्ठ्याखाली सरकवलं होतं. चार-पाच तासांवरच्या लोखा शहराबाहेर विल्मेरची अशीच रोपवाटिका होती. विधुर माणूस, कमी बोलणारा. दर आठवड्याला टेम्पो घेऊन कुएन्काच्या फुलबाजारात यायचा, आणि यादिरा तिथे गुच्छ बांधायची. वर्षाच्या सुरुवातीला, कार्निव्हलच्या दिवसांत, अंगावर पाण्याचे फुगे फुटत असताना, लग्न करशील का म्हणून त्याने विचारलं होतं. बघू, असं ती म्हणाली होती. तेव्हापासून ती बघूच म्हणत होती.

कारण घरी आई होती. सोइलाचे गुडघे गेले होते, नजर अंधुक झाली होती. आंघोळीचं पाणी काढून द्यावं लागे, जिना हाताला धरून उतरवावा लागे. विल्मेरचं घर तर चढावर, नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. आजही एकटीला मागे ठेवायला नको म्हणून यादिराने तिला सोबत आणून टेबलाच्या टोकाला बसवलं होतं. कात्री धरवत नाही म्हणून म्हातारी नाक कागदाला लावून बोटांनीच तुकडे फाडत होती. तेवढाच तिचा वेळ जातोय, असं यादिराला वाटलं.

ती उठली. दालचिनीचं गरम पेय घेतलं, अर्धवट टाकलं, खिडकीपाशी गेली, परत आली. तेवढ्यात पिएदादने तिच्या पुठ्ठ्याचा कोपरा उचलला.

"काय गं लपवतेस? नवरा की काय?"

बायका हसल्या. कचरा आहे, असं म्हणत यादिराने पुठ्ठा दाबून धरला. टोकाला आई खोकली. यादिराला त्या खोकल्याचा राग आला, आणि राग आला याची लाज वाटली.

आता सगळ्यांनी आपापले पुठ्ठे दाखवायचे होते. दोमेनिकाने सुरुवात म्हाताऱ्या माणसापासून केली आणि सोइलाचा पुठ्ठा वर धरला. पुठ्ठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळ्या तुकड्यांनी भरला होता; खाली कोपऱ्यात तेवढे दोन तपकिरी. आकाश काढलंत का आजी, असं तिने विचारलं.

"आकाश घेऊन काय करू? समुद्र आहे तो. आमच्या बाहिया गावाचा. ही माझ्या बहिणीची पडवी, आणि हा झुला माझा."

मग ती सांगतच सुटली. बहीण कधीची बोलावतेय. खालच्या मजल्यावर खोली रिकामी करून ठेवलीय. भाच्या आहेत हाताशी, डॉक्टर दोन घरं सोडून राहतो, मासळी होडीतून थेट चुलीवर येते. यादिरा ऐकत राहिली. यातलं अक्षरही तिला माहीत नव्हतं.

"मग जात का नाही, सोइलाबाई?" पिएदादने विचारलं. "कुणी धरून ठेवलंय?"

सोइलाने हनुवटीने लेकीकडे दाखवलं.

"हिने. हिचा नवरा अमेरिकेला गेला आणि तिकडेच दुसरं घर मांडून बसला, तेव्हा चार दिवस सोबतीला म्हणून आले मी. ही जेवायची नाही, संध्याकाळी दिवा लावायची नाही. अशीला टाकून कशी जाऊ? हिचं कुणी होऊ दे, त्याच दिवशी मी बसमध्ये बसते."

कुणी हसलं नाही. पिएदाद उगाचच आपली गाडी नीट चिकटवू लागली. यादिराचा चेहरा आधी तापला, मग गार पडला. तिने पुठ्ठ्याखालचं चित्र ओढून काढलं, त्याला डिंक फासला आणि ते बरोबर मधोमध लावलं. थोडं तिरकं बसलं, पण या वेळी तिने उचललं नाही. पुठ्ठा घेऊन ती आईजवळ गेली आणि खाली गुडघ्यावर बसली.

सोइलाने नाक चित्राला टेकवलं. "कोण गं हा?"

"विल्मेर. लोखाचा. रोपवाटिका आहे त्याची." यादिराने चित्राचा तिरका कोपरा अंगठ्याने दाबला. "कार्निव्हलपासून विचारतोय, आई. तुला सोडून कसं जायचं, म्हणून मी हो म्हटलं नाही."

पाठमोऱ्या माणसावरून म्हातारीने बोट फिरवलं. बोटाला लागलेला डिंक शालीला पुसला.

"कार्निव्हलपासून?" ती म्हणाली. "म्हणजे वर्षभर मी या थंडीत उगाच कुडकुडतेय?"