बोगद्यातली काजळी

याही वेळी इंजिन बोगद्यात शिरलं आणि बाहेर आलंच नाही.

"अडली!" उत्तमराव खुर्चीतून ओरडले. "मालू, नीट पुसलं होतंस ना?"

"पुसलं की हो. तुमच्यासमोरच तर पुसलं."

ते खरंच होतं. सकाळी नवऱ्याच्या डोक्याला खोबरेल चोळून झालं, की मालूताई साबणाने हात धुवायच्या आणि आतल्या खोलीतल्या त्या अवाढव्य टेबलाकडे वळायच्या. सुती फडकं, त्यावर स्पिरिटचे थेंब, हलका हात. पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही, रुळांना ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत घाण बसते. उत्तमराव खुर्चीतून सूचना देत राहायचे. स्वतःचा उजवा हात धड होता तोवर त्यांनी या रुळांना कुणाला शिवू दिलं नव्हतं. अर्धांगाचा झटका आला, हात मांडीवर लुळा पडला आणि फडकं मालूताईंकडे आलं.

"बोगद्यातून फिरवलंस?"

"कोपरापर्यंत हात घालून फिरवलं. हे बघा."

फडक्यावर चिकट काळा डाग होता. उत्तमरावांनी कपाळावर डावा हात मारला. "ही एमआयडीसीची हवा! देव्हाऱ्यातलं निरांजन काळं पडतं इथे, तिथे रुळांची काय कथा! डोंबिवलीत घर घेतलं तेच चुकलं."

हवेला शिव्या घालणं मानपाड्यात सगळ्यांनाच जमतं. मालूताईंनी मान डोलावली.

टेबलावर रुळांतल्या विजेवर पळणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीचा कसारा घाट होता. डोंगर, पूल, बोगदे, तळहातावर मावेल एवढं स्टेशन आणि त्यावर करंगळीच्या पेराएवढा हमाल. उत्तमरावांनी नोकरीतल्या सगळ्या सुट्ट्या त्यात घातल्या होत्या. घर दोन खोल्यांचं, त्यातली एक गाडीची. मालूताईंचा संसार उरलेल्या जागेत झाला, आणि झालाही व्यवस्थित, असं उत्तमरावांचं मत होतं.

एका दिवाळीत शंकरपाळे तळता तळता मालूताईंनी कौतुकाने एका रुळाला बोट लावलं होतं. उत्तमरावांनी पाहुण्यांदेखत घर डोक्यावर घेतलं. "तेलाचा हात लावलास? तेलावर धूळ बसते, मग गाडी अडते, एवढी अक्कल नाही?" त्यानंतर त्या आत फक्त केर काढायला यायच्या. एकदाच काय ते त्यांनी तोंड उघडलं होतं. त्यांची आई कल्याणजवळ मोहने गावात भावाकडे गॅलरीत पडून होती. तिला शेवटचे दोन महिने इथे आणू या, टेबल तेवढं उभं करून ठेवू या, असं त्या म्हणाल्या होत्या.

"रूळ एकदा उचलले की पुन्हा तसे बसत नाहीत," उत्तमरावांनी समजावलं होतं. "आणि जागा कुठाय आपल्याकडे?"

म्हातारी गॅलरीतच गेली. मालूताईंनी पुन्हा विषय काढला नाही. बायको समजूतदार आहे, हे उत्तमराव तेव्हापासून चारचौघांत सांगायचे.

आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली होती. पुढच्या महिन्यात भाड्याच्या घरात जायचं होतं आणि तिथे हे टेबल दारातूनही शिरलं नसतं. आशा एकच होती, ठाण्याचा मॉडेल रेल्वेच्या हौशी मंडळींचा क्लब. त्यांच्याकडे मोठा हॉल होता. "चालती असेल तर नेतो, काका," क्लबचा मितेश फोनवर म्हणाला होता. "पाटीवर तुमचं नाव लावू." त्या पाटीसाठी उत्तमराव जीव धरून होते. नाहीतर आयुष्यभराचा घाट भंगारात जाणार होता.

रविवारी मितेश आला. मालूताईंनी पोहे केले, चहा केला, आणि पदर खोचून त्याच्यासमोर पुन्हा एकदा रूळ पुसले. गाडी सुटली. पूल ओलांडला, चढ चढली, वळण घेतलं. 

गाडी बोगद्यात शिरली आणि अडली.

मितेशने ती बोटाने पुढे ढकलली. हातभर गेली, पुन्हा अडली. त्याने इंजिन उलटं करून चाकं पाहिली, ती काळी झाली होती.

"काकू, किती दिवसांनी साफ करता?"

"रोज," मालूताई म्हणाल्या.

"रोज करते रे ती," उत्तमराव कळवळून म्हणाले. "माझ्यासमोर करते!"

"मग रूळच गेलेत, काका." मितेशला वाईट वाटत होतं. "रोज पुसूनही असं होत असेल तर सगळेच बदलावे लागतील. आमच्याकडे शाळेतली पोरं येतात बघायला. अडणारी गाडी ठेवायला हॉलमध्ये जागा नाहीये हो."

तो गेल्यावर उत्तमराव टेबलाकडे बघत म्हणाले,

"एवढ्या मोठ्या ठाण्यात एका टेबलाला जागा नाही, मालू?"

"नसते कधी कधी," मालूताई म्हणाल्या. "भंगारवाल्याला उद्या बोलावते."

उत्तमरावांना रडू आवरेना. मालूताईंनी बाटली आणली आणि त्यांच्या डोक्याला तेल चोळायला घेतलं. त्या हातांखाली त्यांना लाजल्यासारखं झालं. या बाईला आपण या खोलीत उभं केलं नाही, आणि आपली गाडी चालावी म्हणून ती रोज कोपरापर्यंत हात घालत राहिली.

"फार केलंस गं माझ्यासाठी," ते म्हणाले.

मालूताईंनी बाटली उपडी केली. शेवटचे चार थेंब पडले.

"संपली? परवाच तर नवी आणलेलीस!"

"तुमच्या डोक्याला कितीसं लागतं हो," टाळू चोळत मालूताई शांतपणे म्हणाल्या. "बाकीचं रोज बोगद्यात जातं."