निर्माता अज्ञात

आईचा कॉम्प्युटर फारच मंदावला होता, म्हणून लेकीने त्यात नवा अँटिव्हायरस टाकला. तपासणी संपली आणि पडद्यावर लाल चौकट उघडली: ‘संशयास्पद प्रोग्राम. निर्माता अज्ञात. काढून टाकायचा?’

“बघ, घुसलाय ना कुणीतरी! तरी सांगत होते, दिसेल त्यावर क्लिक करत जाऊ नकोस,” लेक करवादली. “न विचारता आपला आपण सुरू होतो. बंद केला तरी थोड्या वेळाने पुन्हा हजर!”

“स्वभावच तसा,” आई पुटपुटली.

“कुणाचा?”

लेकीने माउसवर हात ठेवला, तसं आईने तिचं मनगट घट्ट धरलं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडली: ‘डोळ्यांत थेंब घातलेस का? नुसती मान डोलवू नकोस, खरं सांग.’ खाली एकच बटण होतं, ‘हो’.

लेक ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिली. बाबा निवृत्तीनंतर हौसेने प्रोग्रामिंग शिकले होते. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

लाल चौकटीत तिने ‘राहू दे’ निवडलं. मग आईकडे वळून विचारलं, “घातलेस का थेंब?”

“ते कधीच घातलेत गं,” आई म्हणाली. “पण ‘हो’ म्हटलं, की तुझे बाबा उद्यापर्यंत येत नाहीत.”