शेजारणीची तारीख

बाळ झोपलं की मी मोबाईलसाठी एक ॲप बनवत बसायचे. बायांनी त्यात पाळीची तारीख टाकायची, आणि दिवस चुकले तर ॲपनं आठवण करून द्यायची. ते सुरू करण्याआधी वाशिमच्या वकीलताईंनी बजावलं होतं, "बाईच्या संमतीशिवाय तिची माहिती कुणालाच द्यायची नाही. घरच्यांनाही नाही. केस होईल."

आमच्या अनसिंग गावातल्या बाया ॲप वापरायला लागल्या, आणि सासूबाई माझ्या मागेच लागल्या.

"काहून व पल्लवी, शेजारची स्नेहा टाकते का त्याच्यात तारीख? तिचे दिवस चुकले म्हनते."

"नाही सांगता येत, आई."

"मले बी नाही? मी काय परकी हाओ?"

"कायदा हाय. स्नेहा हो म्हनल्याशिवाय नाही."

"मोठी आली कायदेवाली!"

भाजी निवडताना तेच, बाळाला तेल लावतानाही तेच. मला संशय यायला लागला, स्नेहाच्या सासूनंच यांना पाठवलं असणार. माझ्या तोंडून एक शब्द निसटला तर ॲप बुडेलच, पण स्नेहा पुन्हा माझ्याकडे बघणारही नाही. आज त्यांनी परत विचारलं, तेव्हा मी तोडूनच बोलले, "आई, जीव गेला तरी सांगणार नाही."

त्या उठल्या. दाराला आतून कडी लावली आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

"मंग आता माहं नाव टाक त्याच्यात. पाळी कधीचीच गेली व माही, अन् आता पुन्हा अंगावरून रक्त जाऊन राह्यलं. कोनाले सांगू, समजत नोतं."